चूक कोणाची? : विमान कायद्यातले काही साधे शब्द

(दहावीच्या १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नाशिक येथे डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे. मागून हळूच असंही बजावलंय की आज जेवणात मांडे आहेत आणि ते गार झाले तर त्याची जबाबदारी वक्त्यावर राहील. जबाबदारी हा शब्द मी जपून ठेवतो, कारण आजचं सगळं बोलणं त्याच शब्दाभोवती फिरणार आहे.

हे भाषण मी का करतोय ते आधी सांगतो. १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं. दुपारी दीड-पावणेदोनची वेळ. विमानात २४२ माणसं होती, त्यातला एकच वाचला. खाली वसतिगृहाच्या इमारतीत आणि आजूबाजूला १९ जण गेले. एकूण २६० माणसं. संध्याकाळपर्यंत आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निकाल लागलेला होता. एकाने लिहिलं, पायलटची चूक. दुसऱ्याने लिहिलं, कंपनीची. तिसऱ्याने थेट लिहिलं, मेंटेनन्सवाले झोपा काढतात. मग कोणीतरी मला विचारलं, "तू त्याच धंद्यातला ना रे? सांग, चूक कोणाची?"

मी दोन दिवस गटावर काही लिहिलं नाही. काहींना वाटलं मी रागावलो. थोडा रागावलोही होतो. पस्तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढलेल्या माणसाला 'झोपा काढतात' हे वाचून काय वाटतं ते मी सांगत नाही. पण खरं कारण वेगळं होतं. तो प्रश्न ज्या शब्दांत विचारला होता, त्या शब्दांत त्याचं उत्तरच देता येत नव्हतं. म्हणून आज आधी शब्द सांगतो, उत्तर शेवटी.

पहिला शब्द 'नागरी'. आपण सहज म्हणतो, नागरी विमान वाहतूक. यातला 'नागरी' कशासाठी? आपल्याइतकं हे कोणालाच सोपं जाऊ नये. आपण वर्गात असताना ओझरहून मिग उडालं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि बाई फळ्याकडे तोंड करून आवाज जाईपर्यंत थांबायच्या. मिग-२१ ओझरला बनायचं. यंदा २६ सप्टेंबरला चंदिगडमध्ये त्याला शेवटचा निरोप दिला. त्याच ओझरला पुढे सुखोई-३० बनलं आणि गेल्या ऑक्टोबरात तिथे तयार झालेलं पहिलं तेजस उडालं. आणि त्याच धावपट्टीवरून आज तुम्ही-आम्ही पाठीवर पिशवी टाकून दिल्लीला जातो. धावपट्टी एक, पण सुखोईला एक कायदा आणि तुमच्या विमानाला दुसरा.

ही विभागणी आली १९४४ च्या शिकागो करारातून. दुसरं महायुद्ध संपायचं होतं, तरी ५२ देशांनी ७ डिसेंबरला त्यावर सह्या केल्या. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, पण त्या परिषदेत होता. या कराराच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की हा करार फक्त नागरी विमानांना लागू, सरकारी विमानांना नाही. आणि लष्कर, सीमाशुल्क व पोलीस यांच्या कामासाठी वापरलं जाणारं विमान ते सरकारी विमान. इथे 'वापरलं जाणारं' हा शब्द महत्त्वाचा. विमान कोणी बनवलं, त्याला कोणता रंग दिला, हे बघायचं नाही. ते कशासाठी उडतंय ते बघायचं.

दुसरा शब्द 'सार्वभौमत्व'. नागरिकशास्त्रात आपण तो पाठ केला आणि दोन गुण मिळवले. शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सत्ता आहे. म्हणजे आकाश मोकळं नसतं, कवी काहीही म्हणोत. दुसऱ्या देशावरून नुसतं जायचं, खाली उतरायचंही नाही, तरी परवानगी लागते. या परवानग्यांना आमच्याकडे 'स्वातंत्र्यं' म्हणतात. पहिलं स्वातंत्र्य म्हणजे वरून जाऊ देणं. दुसरं म्हणजे इंधन वगैरेसाठी उतरू देणं, प्रवासी न चढवता, न उतरवता. पुढची स्वातंत्र्यं प्रवासी आणि माल नेण्याची. ही दोन देश आपसात करार करून देतात. एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलं, आपण त्यांना आपलं बंद केलं. पहिलंच स्वातंत्र्य काढून घेतलं. परिणाम? ज्यांची मुलं युरोप-अमेरिकेत आहेत त्यांना माहीत आहे, दिल्लीहून पश्चिमेला जाणारं विमान लांबून वळसा घालून जातं. ही बंदी दर महिन्याला एका छोट्या सूचनेने पुढे ढकलली जाते. त्या सूचनेला 'नोटॅम' म्हणतात. वैमानिकाला उड्डाणाआधी वाचावीच लागणारी ती सूचना. धावपट्टीचा दिवा बंद असला तरी नोटॅम आणि देशाचं आकाश बंद असलं तरी नोटॅमच.

सार्वभौमत्वातूनच येतं राष्ट्रीयत्व. विमानाला राष्ट्रीयत्व असतं आणि ते एकाच देशाचं असतं. पुढच्या वेळी विमानतळावर काचेतून बघा, शेपटाकडे 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं दिसतील. 'व्हीटी' म्हणजे भारत. इंग्रजांच्या काळात मिळालेली खूण आहे. लोक त्याचा अर्थ 'व्हाइसरॉयची भूमी' असा लावतात, पण ती मुळात बिनतारी संदेशांसाठी वाटून दिलेल्या अक्षरांतून आलेली आहे. आपल्या गाडीवर 'एमएच १५' असतं तसंच हे. गाडीच्या नंबरावरून आरटीओ कळतं, विमानाच्या नंबरावरून कोणत्या देशाचा कायदा त्याच्या तब्येतीला जबाबदार आहे ते कळतं.

तिसरा मुद्दा कायद्याच्या पायऱ्यांचा. विमानात काहीही झालं की लोक म्हणतात, "असा नियम आहे." कुठला नियम, कोणी केला, हे कोणी सांगत नाही. सगळ्यात वर असतो अधिनियम. तो संसद करते. आपल्याकडे १९३४ चा विमान अधिनियम नव्वद वर्षं चालला. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्याखाली नियम. ते केंद्र सरकार करतं. १९३७ चे विमान नियम अजून कामात आहेत. त्याखाली नागरी विमान वाहतूक आवश्यकता, म्हणजे 'सीएआर'. त्या डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, काढतं. आणि तळाला परिपत्रकं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर बोर्डाचा कायदा, शाळेची नियमावली, हेडसरांची सूचनावही आणि वर्गाच्या फळ्यावर मॉनिटरने लिहिलेली नावं. मॉनिटरला मार देण्याचा अधिकार नव्हता, हे आपल्याला फार उशिरा कळलं. काउंटरवरची मुलगी "असा नियम आहे" म्हणाली तर नम्रपणे विचारावं, "बाळ, कोणत्या सीएआरमध्ये?" बहुतेक वेळा तो कंपनीचा स्वतःचा नियम असतो, आणि कंपनीचा नियम सीएआरच्या वर जाऊ शकत नाही.

आता कोण काय करतं ते. इथे मराठीत एक घोळ आहे. आपण 'सुरक्षा' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. इंजिन नीट आहे का, वैमानिक थकलेला नाही ना, ही झाली सुरक्षितता. पिशवीत कोणी सुरा घेऊन चढत नाही ना, ही सुरक्षा. पहिली डीजीसीए बघतं. दुसरीचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो करतो आणि तपासणी बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे जवान करतात. देशातले बरेचसे विमानतळ आणि आकाशातली वाहतूक भारतीय विमानतळ प्राधिकरण सांभाळतं. ओझर त्याला अपवाद, ती धावपट्टी एचएएलची आहे. आणि अपघाताची चौकशी करतो विमान अपघात अन्वेषण ब्युरो, एएआयबी. हा डीजीसीएपासून मुद्दाम वेगळा ठेवला आहे. ज्याने विमानाला प्रमाणपत्र दिलं, त्यानेच अपघाताची चौकशी केली तर स्वतःचा पेपर स्वतः तपासल्यासारखं होईल.

चौथा शब्द 'प्रमाणपत्र'. विमान उडायला निदान तीन कागद लागतात. नोंदणीचा, म्हणजे ते कोणाचं. उड्डाणयोग्यतेचा, म्हणजे ते मंजूर रचनेप्रमाणे आहे आणि सुरक्षित अवस्थेत आहे. आणि चालवणाऱ्या कंपनीचा हवाई परिचालक परवाना. याशिवाय आमचा एक कागद असतो, तो रोजचा. काम झालं की परवानाधारक अभियंता सही करतो की हे काम ठरलेल्या पद्धतीने झालं आहे, विमान सेवेत सोडायला हरकत नाही. ती सही कंपनी करत नाही, माणूस करतो. स्वतःच्या परवाना क्रमांकासह. पहाटे साडेतीनला, पावसात, टॉर्चच्या उजेडात, खाली शंभर-दीडशे प्रवाशांची यादी तयार असताना ती सही करायची असते. माझ्या धंद्यातली पहिली दहा वर्षं मी सही केल्यावर घरी जाऊन झोपत नसे, विमान उतरल्याची खबर आली की झोपे. बायकोला वाटायचं हा चहाच्या सवयीने जागा राहतो.

पाचवा भाग सगळ्यांच्या खिशाचा. तीन शब्द वेगळे ठेवायचे : उशीर, रद्द आणि प्रवेश नाकारणे. उशीर म्हणजे तेच उड्डाण नंतर जाणार. रद्द म्हणजे ते उड्डाण नाहीच. प्रवेश नाकारणे म्हणजे विमान जातंय, तुमच्याकडे पक्कं तिकीट आहे, तुम्ही वेळेत आलात, पण जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला घेत नाहीत. तिन्हींचे हक्क वेगळे.

उड्डाण रद्द झालं तर दुसरं उड्डाण किंवा पैसे परत, यातली निवड प्रवाशाने करायची. निदान चोवीस तास आधी कळवलं नसेल आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर वर भरपाई : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. प्रवेश नाकारला आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट, १०,००० पर्यंत. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, २०,००० पर्यंत. वादळ, पूर, संप, सुरक्षेचा धोका अशी कारणं असतील तर भरपाई नाही. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर तुम्ही दुसरं उड्डाण किंवा पूर्ण पैसे मागू शकता.

हे आकडे पाठ करू नका, फोनमध्ये ठेवा. पण एक गोष्ट पाठ करा. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या. आपल्यातले निम्मे लोक तिकीट भाच्याकडून नाहीतर एजंटाकडून काढतात आणि क्रमांकही त्याचाच जातो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश भाच्याला जातो आणि भाचा झोपलेला असतो. संपर्काचा नीट तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही, असं सीएआरमध्येच लिहिलं आहे.

माझ्या सख्ख्या भावाची गोष्ट सांगतो. मी या क्षेत्रात असून ती घडली, म्हणून लाज वाटते. आमच्या आईचं शेवटचं दुखणं चालू होतं. भाऊ बाहेरगावी होता. त्याचं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं. काउंटरवर विचारलं, "रिफंड करू का?" तो घाबरलेला, हो म्हणाला. एका शब्दाने त्याने दुसरं उड्डाण मागायचा हक्क सोडून दिला. मग दुसऱ्या कंपनीचं तिप्पट भावाचं तिकीट काढलं, तेही रात्रीचं. आई पहाटे गेली. तो सकाळी पोहोचला. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण काउंटरवरचा मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने दोनातला एकच पर्याय उच्चारला, आणि दुसरा आहे हे भावाला माहीत नव्हतं. मी त्याला ते कधी सांगितलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

या महिन्याच्या सुरुवातीला देशभर उड्डाणं रद्द झाली, तुमच्यातले काही जण अडकले. त्यामागेही एक तांत्रिक शब्द होता, 'एफडीटीएल', म्हणजे वैमानिकाने किती तास काम करायचं आणि किती विश्रांती घ्यायची त्याची मर्यादा. नवे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीची उतरणी कमी झाली. त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवले गेले नव्हते. मग तात्पुरती सवलत द्यावी लागली. अडकलेल्यांचा राग रास्त आहे. पण राग नियमावर काढू नका. रात्री दोनला आपल्याला घेऊन उतरणारा माणूस झोपलेला असावा की झोप झालेला असावा, एवढाच तो प्रश्न आहे.

सहावा शब्द 'दायित्व'. सामान हरवलं, माणूस जखमी झाला, मृत्यू झाला, तर विमान कंपनी किती देणं लागते? परदेश प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यात रक्कम रुपये-डॉलरमध्ये नसते, 'एसडीआर' नावाच्या मापात असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाच चलनांची मिळून केलेली ती मोजपट्टी आहे. मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी, कंपनीची चूक सिद्ध न करताही, १,५१,८८० एसडीआरपर्यंतचं सिद्ध झालेलं नुकसान कंपनीला नाकारता येत नाही. आजच्या भावाने ही मर्यादा पावणेदोन कोटी रुपयांच्या वर जाते. त्यापुढच्या रकमेला मात्र कंपनी 'आमचा हलगर्जीपणा नव्हता' असं सिद्ध करून सुटू शकते. म्हणून कोणत्याही दुःखद प्रसंगी, घाईत, 'सर्व देणे मिळाले' अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. दावा करायला दोन वर्षं मिळतात. सामानाची मुदत मात्र अगदी कमी : बॅग फुटली तर हातात आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार. आणि बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर नोंद करून त्याचा कागद घ्यायचा. घरी येऊन फोन करू, असं म्हणायचं नाही.

इथे नाशिककरांसाठी एक बारीक गोष्ट. नाशिक ते दिल्ली आणि दिल्ली ते लंडन, हे एकाच तिकिटावर असेल तर कायद्याच्या नजरेत नाशिकपासूनच तो आंतरराष्ट्रीय प्रवास. दोन वेगळी तिकिटं काढली तर नाशिक-दिल्ली देशांतर्गत, तिथे मर्यादा वेगळ्या आणि बऱ्याच कमी. शिवाय पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं चुकलं तर दोन तिकिटांच्या प्रवाशाला कोणी विचारत नाही. हजार-दोन हजार वाचतात म्हणून मुलांकडे जाताना तिकीट तोडू नका.

आपल्यातले काही जण द्राक्षवाले आहेत. त्यांच्यासाठी सातवा शब्द, 'ड्रोन'. कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हे खेळणं नाही, विमानच आहे, बिनवैमानिक. ड्रोन नियम २०२१ चे. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा सूक्ष्म, २५ किलोपर्यंतचा लहान. फवारणीचे बहुतेक ड्रोन 'लहान' वर्गात येतात. त्यांना नोंदणी क्रमांक लागतो आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र. आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग केले आहेत. हिरव्यात सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लालमध्ये केंद्र सरकारची. जानोरीच्या शिवारात बाग असणाऱ्याने पिंपळगावच्या मेहुण्याचं बघून ड्रोन उडवायचा नाही. देवळालीला तोफखाना, गांधीनगरला सैन्याचं हवाई प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. आपलं शहर या नकाशावर साधं शहर नाही. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. २०२७ च्या सिंहस्थात तर हौशी ड्रोनवाल्यांची लाट येईल. निदान आपल्या तुकडीची मुलं त्यात पकडली जाऊ नयेत.

आणि विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा किंवा मेलेली जनावरं टाकायला विमान नियमांत बंदी आहे. कारण सरळ आहे : कचऱ्यावर घारी येतात आणि घार इंजिनात जाते.

आता शेवटचे दोन शब्द, 'अपघात' आणि 'अन्वेषण'.

कायद्यात अपघाताची व्याख्या आहे. उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंतच्या काळात कोणाचा मृत्यू झाला, गंभीर इजा झाली, विमानाचं मोठं नुकसान झालं किंवा ते बेपत्ता झालं, तर तो अपघात. जखमी माणूस तीस दिवसांच्या आत गेला तर तो मृत्यू त्या अपघातातला धरतात. अपघात थोडक्यात टळला तर ती 'गंभीर घटना', आणि तिचीही तितक्याच काळजीने चौकशी होते. टळलेला अपघात हा फुकट मिळालेला धडा असतो.

अन्वेषण कशासाठी, हे शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट आहे. पुढचा अपघात टाळणं हा एकमेव उद्देश. दोष किंवा दायित्व वाटून देणं हा उद्देश नाही. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल तीस दिवसांत, १२ जुलैला आला. त्यात काय घडलं याची नोंद होती, दोष कोणावर ठेवलेला नव्हता. लोकांना वाटलं, काहीतरी लपवतायत. पण तो अहवाल तसाच असायला हवा होता. अंतिम अहवाल अजून यायचा आहे. गुन्हा असेल तर पोलीस आहेत, नुकसानभरपाईसाठी न्यायालय आहे. ती दारं वेगळी.

तुम्ही विचाराल, दोष न शोधता सत्य कसं सापडेल? माझ्यावर बेतलेली एक गोष्ट सांगतो. मी शिकाऊ होतो, १९९० नंतरची एक-दोन वर्षं. रात्रपाळी. काम संपलं, हत्यारं मोजली, एक लहान टॉर्च कमी. माझीच. विमान पहाटे जाणार होतं. ती टॉर्च कदाचित लॉकरमध्ये असेल, कदाचित बसमध्ये राहिली असेल. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पाच-सात मिनिटं मी खरोखर गप्प बसलो, हेही आज कबूल करतो. मग वरिष्ठांना सांगितलं. विमान थांबलं. झाकणं पुन्हा उघडली. प्रवासी ओरडत होते. दीड तासाने टॉर्च सापडली, पंखाच्या आत, हलणाऱ्या दांड्यांच्या शेजारी.

माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. वरिष्ठांनी अहवाल लिहिला. त्यात माझं नाव होतं, पण खाली शिफारस होती : हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा करावा, म्हणजे रिकामी जागा डोळ्याला दिसेल. महिन्याभरात सगळ्यांना तशा पेट्या मिळाल्या. याला आमच्याकडे आता 'जस्ट कल्चर' म्हणतात. प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला संरक्षण; जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला नाही. टॉर्च विसरणं ही चूक. हरवल्याचं माहीत असून सही करणं हा गुन्हा. त्या दोघांमध्ये माझी ती पाच-सात मिनिटं होती.

त्या मिनिटांत मला कोण आठवलं सांगू? इथे समोर पहिल्या रांगेत बसलेले आपले विज्ञानाचे सर. आठवीत प्रयोगशाळेत माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सर, याने फोडला!" सर आले आणि त्यांनी कोणी फोडला हे विचारलंच नाही. म्हणाले, "पारा कुठे सांडला ते आधी दाखव. कोणी हात लावू नका." त्यावर गंधकाची पूड टाकली, कागदावर गोळा केला, खिडक्या उघडायला लावल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली होती, काही गडगडून खाली पडू नये म्हणून. मला शिक्षा झाली, नाही असं नाही. 'थर्मामीटर कसा हाताळावा' यावर एक पान लिहायचं. पण ती पट्टी ठोकल्यानंतरची.

सर, शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट मी पुढे नोकरीत वाचलं. त्यातलं मला काही नवीन वाटलं नाही.

तेव्हा मित्रांनो, जूनमध्ये गटावर विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर. चूक कोणाची, ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी तुम्हालाही माहीत नव्हतं. त्या विमानाच्या कागदांवर माझ्यासारख्याच कोणीतरी सही केली होती, आणि तो माणूस त्या रात्री आपल्यासारखाच एखाद्या गटावर त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचत बसला असेल. चूक कोणाची ठरेल ते ठरो. पण पुढच्या वेळी असं काही झालं, आणि होऊ नये, तर पहिल्या दिवशी एवढंच विचारू या : पारा कुठे सांडला?

मांडे गार झाले असतील तर ती जबाबदारी माझी. त्यात चौकशीची गरज नाही, मी आधीच कबूल करतो.